गच्चीवरचा आर्डुइनो, खोलीतला संगणक आणि मधला रेडिओ

यूएसबीची साधी वायर पाच मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही. माझ्या घरी संगणक पहिल्या मजल्यावर आणि पाण्याची टाकी गच्चीवर. टाकीची पातळी मोजायला वर आर्डुइनो उनो हा छोटा, प्रोग्राम करता येणारा बोर्ड बसवला, आणि अडलं ते नेमकं ह्या पाच मीटरांपाशी. मग वायरच्या जागी रेडिओ मॉड्यूलची जोडी लावली. तुम्हाला शेतघरातलं तापमान घरात बघायचं असेल, रोपवाटिकेतला ओलावा नोंदवायचा असेल किंवा नुसतं शिकायचं असेल, तरी रीत हीच. एका वेळी एकच गोष्ट जोडायची आणि ती चालते हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढची हातात घ्यायची नाही, एवढं मात्र पाळा. सगळं एकदम जोडून बसलात तर चूक नक्की कुठे आहे ते दिवसभर शोधूनही कळत नाही.

मॉड्यूल कोणतं घ्यायचं?

एकाच खोलीत काम असेल तर ब्लूटूथचं एचसी-०५ पुरतं, वेगळ्या रेडिओची गरज नाही. भिंती आणि मजले मध्ये आले की त्याचा दम संपतो. नवशिक्यांना पुष्कळदा एचसी-१२ सुचवलं जातं. स्वस्त आहे, पल्लाही चांगला आहे. पण ते ४३३.४ पासून ४७३ मेगाहर्ट्झपर्यंत आणि १०० मिलिवॅटपर्यंत बोलतं. आपल्याकडे विनापरवाना मोकळीक आहे ती ४३३ ते ४३४ मेगाहर्ट्झच्या चिंचोळ्या पट्ट्यात, तीही १० मिलिवॅटपर्यंतच. ९१५ मेगाहर्ट्झची मॉड्यूलंही दुकानांत सर्रास मिळतात, पण तो पट्टा अमेरिकेत मोकळा आहे, भारतात नाही. आपल्याकडे त्या बाजूचा मोकळा पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ. कुणी विचारायला येत नाही म्हणून कुठल्याही लहरीवर बोलावं, हे मला पटत नाही. हवा सगळ्यांची सामायिक आहे, आणि आपल्या गोंगाटाने दुसऱ्याचं काम अडू शकतं.

म्हणून ह्या लेखासाठी मी एक्सबी एस२सी धरलं आहे. ते २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, आणि हा पट्टा भारतात २००५ पासून कमी ताकदीच्या उपकरणांना परवान्याशिवाय खुला आहे. एचसी-१२ पेक्षा महाग पडतं हे खरं. पण शिकणाऱ्याला त्याचा मोठा फायदा असा की दोन मॉड्यूलं एकदा जुळली की ती अदृश्य वायरसारखी वागतात. एका टोकाला जे अक्षर घालाल तेच दुसऱ्या टोकाला बाहेर पडतं. रेडिओसाठी वेगळी लायब्ररी नको, वेगळा प्रोग्राम नको.

खरेदी करताना दोन्ही मॉड्यूलं एकाच प्रकारची घ्या. जुन्या सीरीज १ आणि सीरीज २ ह्या दिसायला सारख्या पण एकमेकींशी मुळीच बोलत नाहीत. एकाच प्रकारच्या दोन मॉड्यूलांतही एकात झिगबी आणि दुसऱ्यात ८०२.१५.४ असं वेगवेगळं फर्मवेअर, म्हणजे मॉड्यूलच्या आत भरलेलं सॉफ्टवेअर, असेल तर तीच गत. दोन टोकांच्या साध्या जोडणीला ८०२.१५.४ हेच फर्मवेअर घाला. झिगबीचं जाळं दहा-वीस मॉड्यूलं असतील तेव्हा.

सोबत संगणकाकडच्या मॉड्यूलसाठी एक यूएसबी अडॅप्टर बोर्ड लागेल, आणि गच्चीकडच्यासाठी ब्रेडबोर्डवर, म्हणजे डाग न देता वायरी खोचायच्या भोकांच्या पाटीवर, बसेल असा छोटा साधा बोर्ड. हा दुसरा बोर्ड विसरू नका. एक्सबीच्या पिनांमधलं अंतर २ मिलिमीटर आहे आणि ब्रेडबोर्डच्या भोकांमधलं २.५४, म्हणून मॉड्यूल थेट बसत नाही. १ किलो-ओहमचे तीन रेझिस्टर, १० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, जंपर वायरी आणि मल्टिमीटर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत ही किरकोळ यादी एका फेरीत पुरी होते. मल्टिमीटर मात्र बरा घ्या, पुढे त्याचं काम आहे.

संगणकाकडची बाजू

मॉड्यूल बोर्डवर बसवताना एक टोक निमुळतं दिसेल. बोर्डवर तसाच आकार छापलेला असतो. दोन्ही जुळले पाहिजेत. उलटं बसवलंत तर वीज भलत्याच पिनेत जाते. दाबतानाही दोन्ही कडांवर सारखा जोर द्या, पिना नाजूक असतात.

बोर्ड यूएसबीला जोडला की विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टांच्या यादीत नवा कॉम पोर्ट दिसायला हवा. न दिसल्यास आधी वायर बदलून बघा. मोबाइलसोबत येणाऱ्या पुष्कळ वायरी फक्त चार्जिंगच्या असतात, त्यात डेटाच्या तारा नसतातच. लिनक्सवर पोर्ट दिसतो पण उघडत नाही असं झालं तर स्वतःचं खातं डायलआउट ह्या गटात घाला आणि लॉगआउट करून परत या.

आता डिजी कंपनीचं एक्ससीटीयू हे मोफत सॉफ्टवेअर उतरवा आणि त्याला मॉड्यूल शोधायला सांगा. वेग ९६०० ठेवा, नवं मॉड्यूल ह्याच वेगावर असतं. सापडलं की डाव्या बाजूला त्याचं नाव येतं आणि त्यावर टिचकी मारली की सेटिंगांची लांबलचक यादी उघडते. घाबरू नका, आपल्याला त्यातल्या मोजक्याच लागतात.

सीएच म्हणजे चॅनल. इथे थोडं थांबून समजून घेण्यासारखं आहे. ह्या रेडिओला ११ ते २६ असे सोळा चॅनल आहेत, २४०५ मेगाहर्ट्झपासून पाच-पाचच्या अंतराने २४८० पर्यंत. मॉड्यूल नवं असताना १२ व्या चॅनलवर असतं, म्हणजे २४१० वर. वायफायचा पहिला चॅनल २४१२ वर आहे आणि वीसेक मेगाहर्ट्झ रुंद आहे. म्हणजे कोऱ्या मॉड्यूलची जोडी थेट वायफायच्या गर्दीत उभी असते, आणि आजच्या इमारतींत ही गर्दी किती आहे ते मोबाइल उघडला की कळतंच. वायफायचे नेहमीचे चॅनल १, ६ आणि ११. अकरावा संपतो २४७३ च्या आसपास. त्याच्या पलीकडचा आपला २५ वा चॅनल, २४७५ मेगाहर्ट्झ, बराच शांत असतो. तोच घ्या. एक्ससीटीयूत हे आकडे हेक्साडेसिमल, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पायावर लिहिलेले, असतात, त्यामुळे २५ साठी तिथे १९ लिहायचं.

आयडी म्हणजे तुमच्या जाळ्याचा क्रमांक. कोऱ्या मॉड्यूलमध्ये तो ३३३२ असतो, जगातल्या सगळ्या कोऱ्या मॉड्यूलांमध्ये तोच. बदला. दोन्हीकडे एकच ठेवा.

एमवाय म्हणजे स्वतःचा पत्ता आणि डीएल म्हणजे ज्याच्याशी बोलायचं त्याचा. संगणकाकडच्या मॉड्यूलला एमवाय १, डीएल २. गच्चीकडच्याला बरोब्बर उलट, एमवाय २, डीएल १. डीएच दोन्हीकडे शून्य. दोन्हीकडे शून्य-शून्य असतानाही मॉड्यूलं बोलतात, म्हणून पुष्कळजण पत्ते देतच नाहीत; पुढे तिसरं मॉड्यूल आलं की गोंधळ उडतो. नेमका पत्ता दिला की आणखी एक लाभ होतो: समोरच्याकडून पोच आली नाही तर मॉड्यूल तोच निरोप स्वतःहून पुन्हा पाठवतं. सगळ्यांना उद्देशून सोडलेल्या निरोपाची पोच मिळत नाही.

बीडी ३ असेल, म्हणजे ९६०० वेग. एपी शून्य हवा. अदृश्य वायरसारखं वागणं ह्याच सेटिंगमुळे. आणि कूटलेखन: ईई १ करा आणि केवायमध्ये स्वतःची किल्ली घाला, दोन्ही मॉड्यूलांत एकच. केवाय एकदा लिहिली की पुन्हा वाचता येत नाही, म्हणून ती वहीत उतरवून ठेवा. टाकीच्या आकड्यांत गुपित कसलं, असं वाटेल; पण पुढे ह्याच वाटेने मोटार चालू-बंद करणार असाल तर आत्तापासून कुलूप असलेलं बरं.

बदल केले की पेन्सिलीच्या खुणेचं लिहिण्याचं बटण दाबा. ते न दाबता मॉड्यूल काढलं तर सगळं पुसलं जातं. मग पहिलं मॉड्यूल काढून त्याच बोर्डवर दुसरं बसवा आणि त्याचीही सेटिंग करा. दोघांवर कागदाची चिठ्ठी चिकटवा, एकावर खोली आणि दुसऱ्यावर गच्ची. दोन्ही हुबेहूब दिसतात. चिठ्ठी नसेल तर तासाभरात अदलाबदल होणार हे धरून चला.

आर्डुइनोशिवाय पहिली चाचणी

ही पायरी कोणीही वगळू नये असं मला मनापासून वाटतं. गच्चीचं मॉड्यूल ब्रेडबोर्डवर बसवा. त्याला पिन १ वर ३.३ व्होल्ट आणि पिन १० वर ग्राउंड द्या. वीज उनोच्या ३.३ व्होल्टच्या पिनेतून घेतली तरी चालेल. बाकी उनोशी काही जोडू नका. ह्या दोन पिनांच्या मध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, पट्टी असलेला पाय ग्राउंडकडे. आता त्याच मॉड्यूलची पिन २ आणि पिन ३ एका छोट्या वायरीने एकमेकींना जोडा. पिन २ मधून रेडिओवर आलेलं अक्षर बाहेर पडतं आणि पिन ३ मधून आत गेलेलं रेडिओवर जातं. दोघी जोडल्या म्हणजे जे येईल ते तसंच परत जाणार, विहिरीत हाक मारल्यासारखं. हीच लूपची चाचणी.

संगणकावर एक्ससीटीयूचं कन्सोल उघडून एक अक्षर टाइप करा. पाठवलेलं निळ्या रंगात दिसतं, आलेलं लाल. प्रत्येक निळ्या अक्षरामागे एक लाल अक्षर आलं की तुमचा रेडिओ दोन्ही दिशांनी चालतो. हे पहिल्यांदा घडतं तेव्हा खरंच आनंद होतो, पुढचा अर्धा तास नुसती अक्षरं पाठवावीशी वाटतात. पाठवाच. ब्रेडबोर्ड आणि उनो पॉवर बँकेवर लावून घरभर फिरा. दार लावा, फ्रिजच्या मागे ठेवा, जिन्यात जा. अधूनमधून एक्ससीटीयूत डीबी हे सेटिंग वाचा. शेवटच्या निरोपाची ताकद ते उणे डेसिबलमध्ये सांगतं, तेही हेक्साडेसिमलमध्ये. २८ दिसलं तर उणे ४०, म्हणजे उत्तम. ५ए दिसलं तर उणे ९०. मॉड्यूल उणे १०० च्या आसपासपर्यंत ऐकू शकतं, म्हणजे तुम्ही काठावर आहात. माहितीपत्रकात उघड्यावर १२०० मीटर आणि घरात ६० मीटर असा पल्ला दिलेला असतो. स्लॅबमधल्या सळया त्या आकड्यात धरलेल्या नाहीत. तुमच्या घरातला पल्ला तुमच्या घरातच मोजावा लागतो.

आता आर्डुइनो

लूपची वायर काढा. उनो ५ व्होल्टवर चालतो आणि एक्सबी ३.३ वर. मॉड्यूलची पिन २ उनोच्या पिन २ ला सरळ जोडता येते, कारण उनो ३ व्होल्टच्या वरचं सगळं 'चालू' समजतो आणि ३.३ त्यात बसतं. उलट दिशेने मात्र सरळ जोडायचं नाही. उनोच्या पिन ३ मधून निघणारे ५ व्होल्ट मॉड्यूलच्या पिन ३ ला सोसत नाहीत. जोडल्याबरोबर ते जळेलच असं नाही, आणि धोका त्यातच आहे: आठवडाभर चालतं, मग मधूनच मुकं होतं आणि तुम्ही प्रोग्राममध्ये चूक शोधत बसता. त्यासाठीच ते तीन रेझिस्टर. उनोच्या पिन ३ पासून एक रेझिस्टर मॉड्यूलच्या पिन ३ पर्यंत. आणि मॉड्यूलच्या त्याच पिनेपासून उरलेले दोन, एकामागे एक, ग्राउंडला. पाचाचे तीन भाग होतात, दोन भाग मॉड्यूलला मिळतात, म्हणजे ३.३३ व्होल्ट. मॉड्यूल बसवायच्या आधी मल्टिमीटरने तो बिंदू मोजा. पाच दाखवत असेल तर ग्राउंडची वायर सुटली आहे.

पिन ० आणि १ मुद्दाम टाळल्या आहेत. उनो आर३ वर त्याच तारा यूएसबीलाही जातात. तिथे मॉड्यूल जोडलेलं असताना नवं स्केच, म्हणजे उनोचा प्रोग्राम, चढवायला गेलात की अपलोड अडतं, आणि नवशिक्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. एक्सबीची शील्ड, म्हणजे उनोवर थेट बसणारा बोर्ड, वापरत असाल तर तिच्यावर ह्यासाठी छोटं बटण किंवा जंपर असतो, अपलोडपुरता तो सरकवायचा.

उनोच्या ३.३ व्होल्टच्या पिनेतून जेमतेम ५० मिलिअँपिअर मिळतात आणि मॉड्यूल पूर्ण ताकदीवर पाठवताना ४५ पर्यंत ओढतं. तेव्हा त्या पिनेवर दुसरं काही लटकवू नका. सेन्सरला वीज ५ व्होल्टमधून द्या.

स्केच अगदी छोटं आहे. सॉफ्टवेअरसीरियल ही लायब्ररी आर्डुइनोसोबतच येते. तिला २ आणि ३ ह्या पिना द्या, वेग ९६००. स्केचच्या लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागात, एक क्रमांक एकाने वाढवा, तो छापा, मग स्वल्पविराम, मग मोजलेला आकडा, आणि प्रिंटएलएनने ओळ संपवा. पाच सेकंद थांबा. सेन्सर लगेच जोडू नका; पहिल्या दिवशी आकड्याच्या जागी नुसतं ४२ पाठवा. क्रमांक कशासाठी? संगणकावर ११७ नंतर ११९ आला की ११८ हरवला हे तुम्हाला लगेच कळतं. क्रमांक नसेल तर हरवलेला निरोप कधी कळतच नाही.

वाचणाऱ्या बाजूला एक गोष्ट ध्यानात ठेवा. मॉड्यूल अक्षरं साठवून गठ्ठ्याने पाठवतं, एका गठ्ठ्यात जास्तीत जास्त शंभर. तुमची ओळ कधी दोन गठ्ठ्यांत विभागून येऊ शकते. म्हणून आलं ते लगेच वापरायचं नाही, ओळ संपल्याची खूण येईपर्यंत जमवायचं आणि मग वाचायचं. पायथनच्या पायसीरियलमधलं रीडलाइन हे काम आयतं करतं. प्रोग्राम लिहायचा नसेल तर कूलटर्म ह्या सॉफ्टवेअरने सगळं फाइलमध्ये साठवता येतं. पोर्ट एका वेळी एकाच सॉफ्टवेअरला मिळतो, त्यामुळे आधी एक्ससीटीयू बंद करा.

काही दिसलंच नाही, तर यूएसबी बोर्डवरच्या आरएसएसआय असं लिहिलेल्या दिव्याकडे बघा. निरोप आला की तो चार सेकंद पेटतो. दिवा पेटतो पण पडद्यावर कचरा येतो, म्हणजे हवेतला भाग ठीक आहे आणि बॉड रेट, म्हणजे तो ९६०० चा वेग, कुठेतरी चुकला आहे. दिवाच पेटत नाही, म्हणजे परत लूपच्या चाचणीकडे जा. ती चालली तर दोष उनोपासून मॉड्यूलपर्यंतच्या चार वायरींत आहे, नाही चालली तर सेटिंगांत किंवा विजेत.

गच्चीवर नेताना

मॉड्यूल प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा, पत्र्याच्या नको. पत्रा रेडिओ अडवतो. बाहेरचा अँटेना लावायचा असेल तर जोड बघून घ्या. एसएमए आणि आरपी-एसएमए एकमेकांवर फिरून बसतात, पण मधली सुई मधल्या भोकाला भेटत नाही आणि अँटेना असून नसल्यासारखा होतो.

मी डबी टाकीच्या पाठीमागे, सावलीत बांधली होती. सकाळी सगळं सुरळीत चाललं. संध्याकाळी सहाच्या सुमारास आकडे गळू लागले, सातला बंद पडले. रात्री मी वायरी हलवून बघितल्या, कपॅसिटर बदलला, स्केच पुन्हा चढवलं. काही उपयोग नाही. दुसऱ्या दिवशी आंघोळी आणि धुणं उरकलं आणि आकडे आपोआप येऊ लागले. तिसऱ्या दिवशी वहीतल्या नोंदी शेजारी-शेजारी ठेवल्या तेव्हा उलगडलं: पाणी संध्याकाळी येतं. टाकी भरली की अँटेना आणि जिना ह्यांच्या मध्ये हजार लिटर पाणी उभं राहतं, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींना पाणी फार शोषतं. डबी टाकीच्या अलीकडे, जिन्याच्या खोलीच्या भिंतीवर हलवली. डीबी ५८ वरून ४६ वर आला, म्हणजे उणे ८८ वरून उणे ७०, आणि भरल्या टाकीतही तो तिथेच राहिला. तुमची जागा ठरवताना सगळ्यात वाईट वेळी मोजा: टाकी भरलेली, दारं लावलेली, शक्य झालं तर पावसात.

उलट दिशेने आज्ञा पाठवणं आता अवघड नाही. संगणकावरून एक अक्षर पाठवा, उनो ते वाचून रिले, म्हणजे विजेने चालणारं बटण, ओढेल. पण रिलेच्या पलीकडे पाण्याची मोटार असेल तर २३० व्होल्टचं काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, आणि स्केचमध्ये एक नियम आधी घाला. 'चालू' हे अक्षर एकदाच पाठवून भागत नाही. संगणकाने ते दर दहा सेकंदांनी पाठवत राहायचं आणि उनोने तीस सेकंद ते ऐकलं नाही की रिले स्वतःहून सोडायचा. वीज गेली, संगणक बंद पडला, पाणी मध्ये आलं, काहीही झालं तरी मोटार बंदच व्हायला हवी. मोटारीची वायर लावण्याआधी नुसत्या रिलेवर हे तपासा. रिले ओढलेला असताना संगणकाचा यूएसबी बोर्ड उपटा आणि वर कुणाला तरी कान देऊन उभं करा. अर्ध्या मिनिटात टक् असा आवाज यायला हवा. पाच वेळा करा, पाचही वेळा आला की मग इलेक्ट्रिशियनला बोलवा.